उसाच्या सरीत मावणारा ट्रॅक्टर : छोटा ट्रॅक्टर आणि त्याची औजारं घेतानाचा अनुभव

2025 ला पाऊस मे महिन्यातच आला. केरळात 24 मेला मान्सून पोचला आणि आमच्याकडे त्याच्याही आधीपासून वळवानं रान भिजवून ठेवलं होतं. उन्हाळी नांगरट राहिलेली, कुळवणी अर्धवट. मध्ये दोन दिवस उघडीप मिळाली की सगळ्या गावाला एकाच वेळी भाड्याचा ट्रॅक्टर पाहिजे. मोठा पन्नास एचपीचा ट्रॅक्टर वीस गुंठ्याच्या तुकड्यात यायला तयार नाही, आला तर वळताना बांध फोडून जातो, आणि त्याला तासाला हजार-बाराशे मोजायचे. बैलजोडी आम्ही केव्हाच विकून टाकलेली. त्या जूनमध्ये आप्पांनीच विषय काढला, "आता आपला आपण एक छोटा घेऊन टाकूया. दुसऱ्याच्या दारात किती उभं राहायचं?"

आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम बाजूला, वेंगुर्ला रोडच्या आतल्या अंगाला. पलीकडे शिनोळी, म्हणजे चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. जमीन पाच एकरांच्या आत आणि तीही तीन ठिकाणी. नाल्याकडेला ऊस, त्याच्या वर भात आणि मागनं मसूर, आणि टेकाच्या लाल मुरमाड रानात रताळी. आमच्या भागात बहुतेकांची अशीच विखुरलेली जमीन आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय. कुठल्या कंपनीचा घेतला ते लिहीत नाही. "कुठल्या कंपनीचा?" हेच जो तो विचारतो आणि मागं काय जोडायचं, बरोबर काय मागून घ्यायचं, हे कोणी सांगत नाही. पैसे खरे तिथं अडकतात.

शोरूमला जायच्या आधी आम्ही घरात बसून वर्षभराची कामं काढली. कुठल्या कामाला भाड्यापोटी किती जातात ते आप्पांच्या डायरीत होतंच. सगळ्यात जास्त पैसे दोन कामांना जात होते, रोटर (माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर) आणि उसाची भरणी, म्हणजे बुडख्याला माती लावणं. भरणीला तर मजूरच मिळत नाहीत, पोरं सगळी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नाहीतर शिनोळीच्या कारखान्यांत. नांगरट वर्षातनं एकदा, ती भाड्यानं केली तरी चालते. म्हणजे आमचा ट्रॅक्टर उसाच्या सरीत चालला पाहिजे, ही पहिली अट. बाकी सगळं तिच्या मागनं.

आमची सरी साडेचार फुटी, म्हणजे 54 इंच. मी टेप घेऊन रानात गेलो आणि चार-पाच ठिकाणी मोजलं. सरी सोडणाऱ्याचा हात जसा असेल तशी ती कुठं 52 भरली, कुठं 55. आपण 52 च धरायची. मग तोच टेप खिशात घालून शोरूम. माहितीपत्रकात "एकूण रुंदी" दिलेली असते, पण मडगार्ड बाहेर आलेलं असतं की टायर, ते त्यात कळत नाही. मागच्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंत स्वतः मोजा. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांना मागचं चाक उलटं बसवून रुंदी कमी-जास्त करता येते. आत घेऊन किती आणि बाहेर काढून किती, दोन्ही आकडे विचारून घ्या. मी गुडघ्यावर बसून मोजतोय हे बघून तिथला पोरगा हसला, "काय ओ सावकार, ट्रॅक्टर घेतासा की कापड?" पण त्यानंच मग दुसरं टोक धरलं.

या मोजमापातनं पहिला पेच निघाला तो रोटरचा. रोटर ट्रॅक्टरच्या टायरपेक्षा थोडा तरी रुंद असावा लागतो, नाहीतर मोकळ्या रानात टायरची वण तशीच दाबलेली राहते. सरीत मात्र रोटर जितका रुंद तितका उसाच्या बुडख्याजवळ. तीन फुटी रोटर घेतला तर 36 इंच, आणि अरुंद ट्रॅक्टरची रुंदी 40 च्या आसपास. टायरच्या खुणा दोन्हीकडं दोन-दोन इंच उघड्या राहणार. चार फुटी घेतला तर 48, 54 च्या सरीत दोन्हीकडं तीन-तीन इंच, आणि जिथं सरी 52 आहे तिथं दोनच. साडेतीन फुटी, म्हणजे 42 इंच, दोन्हीकडं बसतो. टायरही झाकतो आणि सरीत साधारण पाच-सहा इंच मोकळे सोडतो. दुकानदार चार फुटीवर जोर देतात, कारण तो जास्त खपतो आणि बहुधा तोच शिल्लक असतो. ज्याच्याकडं ऊस नाही, नुसतं भात आणि सोयाबीन आहे, त्यानं चार फुटी जरूर घ्यावा. आप्पांचं म्हणणं एवढंच होतं, "त्या दोन इंचात ऊस मोडला तर तुझा रोटर काय चाटायचा?"

एचपीबद्दल. छोट्या ट्रॅक्टरांत 11 पासून 30 एचपीपर्यंत सगळं मिळतं. बोनटवर लिहिलेली एचपी इंजिनाची असते. रोटर फिरतो तो पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं औजार फिरवणाऱ्या दांड्यावर, आणि तिथं पोचेपर्यंत ती कमी झालेली असते. म्हणून पीटीओ एचपी विचारा. केंद्र सरकारच्या मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते. त्या चाचणीचे अहवाल असतात आणि डीलरकडं मागता येतात. त्यात पीटीओची ताकद मोजून दिलेली असते. औजार उचलणाऱ्या लिफ्टचंही तसंच आहे. माहितीपत्रकात "750 किलो" असं ठळक लिहिलेलं असतं, पण ते बहुतेक वेळा खालच्या दोन दांड्यांच्या टोकाशी. खरं औजार त्याच्या मागं लोंबत असतं, त्यामुळं अहवालात टोकाच्या 610 मिलिमीटर मागं मोजलेला आकडाही दिलेला असतो. तो कमी असतो आणि आपल्या उपयोगाचा तोच.

टू व्हील (फक्त मागची चाकं ओढणारा) की फोर व्हील (चारही चाकं ओढणारा) यावर घरात बरीच चर्चा झाली. फरक पन्नास हजारांच्या आसपास. आमचं टेकाचं रान उताराचं आणि लाल मातीचं, पाऊस पडला की वरचा थर साबणासारखा होतो. भातात चिखल करायचा तर प्रश्नच नाही. फोर व्हीलच घेतला. ज्यांची काळी सपाट जमीन आहे आणि फक्त कोळपणी-फवारणी करायची आहे, त्यांना टू व्हील पुरतो असं माझं मत. फोर व्हील घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जोरात ओढतात, तशीच ती रचना असते. डांबरी रस्त्यावर फोर व्हील चालू ठेवून गाडी पळवली तर पुढचे टायर घासून जातात आणि गिअरवर ताण येतो. गावापासून रानापर्यंत टू व्हीलमध्ये जायचं, रानात उतरल्यावर दांडा ओढायचा. टायर बदलायची वेळ आली तर त्याच मापाचा टायर, शेजाऱ्याचा जुना बसवून चालत नाही.

मला सगळ्यात उशिरा कळलेली आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे मागची जोडणी. औजार तीन ठिकाणी जोडतात, खाली दोन दांड्या आणि वर टॉपलिंक. छोट्या ट्रॅक्टरची खालची पिन 22 मिलिमीटरची, मोठ्याची 28. टॉपलिंकची पिन छोट्याला 19, मोठ्याला 25 च्या वर. शिवाय अगदी अरुंद ट्रॅक्टरांत खालच्या दोन टोकांतलं अंतरही कमी असतं, 400 मिलिमीटरच्या आसपास, आणि नेहमीच्या छोट्या जोडणीत ते 683. म्हणजे चुलत्याचा मोठा कल्टिवेटर मागून आणू, शेजाऱ्याचा रेझर (सरी पाडायचं, माती लावायचं औजार) लावू, हे हिशेब चालत नाहीत. औजार घेताना आपल्या ट्रॅक्टरच्या दोन पिना रुमालात बांधून बरोबर न्या, किंवा निदान माप लिहून न्या. पिनेला बुश घालून जमवून देणारे मेस्त्री आहेत, पण अंतर चुकलं तर बुशनं काही होत नाही.

जुलैच्या शेवटी दोन कंपन्यांनी रानात आणून दाखवलं. डेमो फुकट असतो, डिझेल बहुतेक ठिकाणी आपलं. माझी एकच विनंती, डेमो त्यांच्या सोयीच्या मऊ रानात घेऊ नका. आम्ही पहिला टेकाच्या कोपऱ्यात घातला, जिथं मुरूम वर आलाय. 27 एचपीचा रुंद ट्रॅक्टर तिथं मजेत चालला, इंजिनाचा आवाजही बदलला नाही. 21 एचपीचा अरुंद तिथं दबला, दुसऱ्या गिअरवरनं पहिल्यावर घ्यावा लागला. मग दोघांना उसात नेलं. खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) तेव्हा डोक्याएवढा झाला होता, त्यामुळं आत जायचा प्रश्न नव्हता, पण बांधाकडेला नुसती सरी सोडलेला रिकामा पट्टा होता. तिथं दोन्हीकडं काठ्या रोवून दोरी बांधली. 27 वाल्याचं टायर तिसऱ्या काठीलाच घासलं. 21 वाला शेवटपर्यंत गेला, आणि वळताना पुढचं तोंड बांधाच्या आत राहिलं. वळायला किती जागा लागते हे कागदावर बघून कळत नाही. आमचा निर्णय तिथंच झाला. मुरमात एक गिअर कमी पडला तर वेळ जातो, सरीत चार इंच जास्त झाले तर पीक जातं.

त्याच वेळी आमच्या मेहुण्याचा फोन, तो चंदगडकडचा. "दाजी, गडहिंग्लजला या, इकडं स्वस्त बसतोय." खरंच काही हजारांनी कमी होता. पण जमीन कर्नाटकात, नोंदणी केए 22 ला, म्हणजे बेळगाव आरटीओला करायची, अनुदान मागायचं झालं तर इथल्या के-किसान या कर्नाटकच्या शेती पोर्टलवर. तिकडच्या महाडीबीटी या महाराष्ट्राच्या पोर्टलला तिकडची जमीन लागते. सर्व्हिसला गाडी कोण न्यायची हाही मुद्दा होता. सीमेवर राहणाऱ्यांनी किमतीबरोबर हे सगळं जोडून बघावं. आम्ही बेळगावातनंच घेतला.

ऑगस्टात कोटेशन आलं. ट्रॅक्टर 4,50,000 आणि वर 12 टक्के जीएसटी, एकूण 5,04,000. टोकन देणार तेवढ्यात 15 ऑगस्टच्या भाषणात पंतप्रधानांनी दिवाळीपर्यंत जीएसटी कमी करणार असं सांगितलं. शोरूमवाल्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, "आत्ताच घ्या, नंतर किमती वाढतील." आम्ही थांबलो. 3 सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलनं जाहीर केलं, ट्रॅक्टर आणि शेतीची यंत्रं 12 वरून 5 टक्के, 22 सप्टेंबरपासून. तो नेमका घटस्थापनेचा दिवस. आमची किंमत 4,72,500 झाली, म्हणजे 31,500 वाचले. त्यातच पुढं औजारं बसली. मधल्या काळात, 22 तारखेच्या आधीच, बुकिंगच्या रांगेत मागं पडू नये म्हणून आम्ही टोकन देऊन ठेवलं होतं. टोकन आधी दिलं तरी बिल आणि डिलिव्हरी दोन्ही नवा दर लागू झाल्यानंतरची असतील तर नवाच दर लागतो, हे आमच्या सोसायटीचं काम बघणाऱ्या सीएनी सांगितलं. बिलावर तारीख आणि टक्केवारी दोन्ही बघून सही करा.

आता कागद. इथं धीर धरावा लागतो. पीकेपीएसमधून (गावची शेती पतसंस्था) मध्यम मुदतीचं कर्ज 3 टक्क्यांनी मिळायची राज्याची योजना आहे, 2023 च्या अर्थसंकल्पात तिची मर्यादा 10 लाखांवरून 15 लाख झाली. आधी तिथंच विचारा. आमच्याकडं पुढच्या वाटपापर्यंत थांबा असं सांगितलं, आणि आम्हाला उसाच्या लागणीआधी पाहिजे होता, म्हणून बँकेत गेलो. बँकेनं मागितलं ते असं. सगळ्या सर्व्हे नंबरांचे चालू उतारे, कावेरी या नोंदणी खात्याच्या पोर्टलवरनं काढलेली ईसी (जमिनीवर बोजा-व्यवहार काय आहेत त्याचा दाखला), फ्रूट्स या सरकारी नोंदणीतला शेतकरी क्रमांक म्हणजे एफआयडी, आधार, पॅन, डीलरचं कोटेशन आणि दोन जामीनदार. आमच्या उताऱ्यावर आप्पा आणि काका दोघांची नावं एकत्र आहेत, पोडी, म्हणजे सरकारी मोजणीनं वाटणी, झालेली नाही. त्यामुळं काकांचं संमतीपत्र. शिवाय आप्पांचं नाव उताऱ्यावर वडिलांच्या नावासकट आणि आधारवर आडनावासकट, तेव्हा "ही एकच व्यक्ती" असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र. कोर्टाच्या आवारात टायपिंग, बाँड आणि नोटरी धरून काही शे रुपयांत होतं, पण मजकूर कन्नडमध्ये करून घ्या, मराठी किंवा इंग्रजी नेलात तर पुन्हा हेलपाटा. कर्ज मंजूर झालं की बोजा उताऱ्याच्या अकराव्या रकान्यात चढतो. तो चढलेला दिसल्याशिवाय बँक डीलरचे पैसे सोडत नाही, आणि तो चढायला वेळ लागतो. आमचं सगळ्यात जास्त थांबणं इथंच झालं. आप्पा रोज संध्याकाळी विचारायचे, "चढला काय?" आणि मी मोबाईलवर उतारा उघडून दाखवायचो.

काकांच्या संमतीचं सगळ्यांना सोपं जाईलच असं नाही. आमच्याकडं गेलं, कारण त्यांच्या वाट्याची भरणीही याच ट्रॅक्टरनं करायची हे आधीच बोलून ठेवलं होतं. ज्यांची जमीन सामाईक आहे त्यांनी शोरूमच्या आधी भावकीत बसावं.

थांबलेल्या त्या दिवसांत मी कोटेशन पुन्हा लिहून मागितलं. पहिल्या कागदावर फक्त "ट्रॅक्टर, ॲक्सेसरीजसह" एवढंच होतं. ॲक्सेसरीज म्हणजे काय ते एकेक नावानिशी लिहून घेतलं. टॉपलिंक, ड्रॉबार, मागचा हुक, पुढचा बंपर, छत, टूलकिट, पीटीओचं झाकण. टॉपलिंक "फुकट" असतो, पण लिहिला नसेल तर डिलिव्हरीच्या दिवशी स्टॉकमध्ये नसतो. छताबद्दल माझं मत वेगळं आहे. उन्हापावसाला बरं, पण डोक्याएवढ्या उसात आणि आंब्या-फणसाच्या फांद्यांखाली ते आडवं येतं. काढता येणारं असेल तर घ्या, त्याऐवजी तेवढ्याच पैशात पुढची वजनं मिळत असतील तर ती आधी मागा. मागं औजार उचललं की छोट्या ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं, टेकाचा चढ चढताना ते जाणवतं. रोटरच्या कामात वजनांची फार गरज पडत नाही, ट्रॉलीला आणि नांगराला पडते.

जादा पैसे देऊन घेतलेली एकच सोय म्हणजे मागं हायड्रॉलिकची जोडणी, जिच्यावर पुढंमागं पलटी नांगर किंवा डंपिंग ट्रॉली चालेल. कारखान्यातनं बसवून आली तर स्वस्त पडते, मागनं बसवायची म्हणजे पाइप, व्हॉल्व्ह, मजुरी सगळं वेगळं. पॉवर स्टिअरिंग आमच्या मॉडेलला होतंच. तेलातले ब्रेक आहेत की कोरडे ते विचारा. चिखलात काम असेल तर तेलातलेच हवेत.

रोटर अनुदानावर घ्यायचा ठरवला. के-किसानचा अर्ज रयत संपर्क केंद्रात, म्हणजे शेती खात्याच्या इथल्या कार्यालयात होतो. एफआयडी, उतारा, आधार, पासबुक, फोटो आणि बाँड लागतो. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना अनुदान बरंच जास्त आहे, त्यांनी जातीचा दाखला बरोबर न्यावा. दोन गोष्टी अर्जाआधीच समजून घ्या. एक, यादीत मंजूर असलेल्या कंपनीचं आणि मापाचंच औजार मिळतं. आमचा साडेतीन फुटी यादीत आहे का हे आधी बघावं लागलं, तो एकाच कंपनीचा होता. दोन, मंजुरी येण्याआधी विकत घेऊन बिल दाखवता येत नाही. तिथले साहेब कन्नडमध्येच बोलतात, माझं कन्नड कामापुरतं आहे, पण माणसं समजून घेतात. यादी भिंतीवर लावलेली असते, तिचा फोटो काढून आणा आणि घरी निवांत वाचा. आपला हिस्सा कंपनीच्या खात्यात भरायचा, रोख कुणाच्या हातात द्यायचा नाही. मंजुरी यायला दिवाळी उलटली. 1 नोव्हेंबरला (कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी माणसांचा काळा दिन) आणि त्याच्या आगेमागे बेळगावात कुठलं सरकारी काम हलत नाही, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

कल्टिवेटर आणि रेझर मात्र गावाजवळच्या वर्कशॉपमध्ये करून घेतले. पाच फणांचा कल्टिवेटर सोळा हजार, रेझर नऊ हजार. अनुदान नाही, पण रेझरचे पंख आमच्या सरीच्या मापानं, आत-बाहेर सरकणारे. बाळभरणीला, म्हणजे ऊस लहान असतानाच्या भरणीला, कमी माती लागते, मोठ्या भरणीला जास्त, एकच रेझर दोन्हीला चालतो. रताळ्याच्या सरीलाही तोच. तयार औजारात हे मिळालं नसतं.

दसऱ्याला, 2 ऑक्टोबरला, ट्रॅक्टर दारात आणायचा आप्पांचा हट्ट होता. ते झालं नाही, कमी झालेल्या करामुळं सगळ्यांनीच बुकिंग केलं होतं. पाडव्याला, 22 ऑक्टोबरला, आला. डिलिव्हरी घेताना इंजिन आणि चासीचा नंबर बिलाशी, विम्याशी आणि टेम्पररी नोंदणीशी जुळवून बघा. तासांचं मीटर बघा, डेमोचा ट्रॅक्टर पुसून दिलेला असू शकतो. नोंदणी, विमा, नंबरप्लेट मिळून वीस हजारांच्या आसपास गेले. बँकेचं नाव आरसीवर चढलंय का तेही तपासा.

नोव्हेंबरात रोटर आला आणि त्याचा शाफ्ट लांब निघाला. शाफ्ट नेहमी थोडा लांबच देतात, ट्रॅक्टरप्रमाणं कापून घ्यायचा असतो. कंपनीचा माणूस "तसाच चालतोय" म्हणून निघाला होता. आमच्या मेस्त्रींनी त्याला थांबवलं. रोटर जोडला, लिफ्ट हळूहळू वर-खाली केली आणि दोन नळ्या एकमेकांत सगळ्यात जास्त कुठं घुसतात तिथं खडूनं खूण केली. मग सगळ्यात जास्त बाहेर येतात तिथं दुसरी. "वर उचलला की पोटात घुसतोय बघा, असाच चालवला असता तर गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलं असतं." बाहेर आलेल्या अवस्थेतही निदान एक तृतीयांश नळी आत राहिली पाहिजे, हे बघून त्यांनी दोन्ही नळ्या आणि त्यांच्यावरचं प्लास्टिकचं झाकण सारखंच कापलं, कडा कानशीनं घासल्या, आत ग्रीस भरलं. मजुरी तीनशे. ते झाकण काढून टाकायची आपल्याकडं सवय आहे. काढू नका. फिरत्या शाफ्टात टॉवेल नाहीतर पदर अडकल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत.

ब्लेड इंग्रजी एलच्या आकाराची घेतली, मसुराच्या आणि उसाच्या कोरड्या रानाला ती बरी. बाजूचा ड्राइव्ह साखळीचा आणि गिअरचा असा दोन्हीत मिळतो. गिअरचा महाग आणि जड, पण मुरमात साखळी टिकत नाही असं आजूबाजूच्या सगळ्यांनी सांगितलं, म्हणून गिअरचा.

ट्रॉली अजून घेतलेली नाही. ट्रॉलीला ट्रॅक्टरपेक्षा वेगळी नोंदणी आणि वेगळा नंबर लागतो, आणि नोंदणीसाठी मान्यता असलेल्या कारखान्याची ट्रॉली पाहिजे. गावच्या वर्कशॉपमधली स्वस्त पडते, पण तिला नंबर मिळणं अवघड, आणि रस्त्यावर काही झालं तर विमा उभा राहत नाही. शेणखताला सध्या भावकीतली बैलगाडी चालवतो. चिखलणीची लोखंडी चाकं जूनच्या तोंडावर घेऊ. टायरच्या बाजूला बसणारी अर्धी चाकं बघून ठेवली आहेत. ती लावून डांबरी रस्त्यावर जाता येत नाही, म्हणून रानातच बसवावी-काढावी लागतात, आणि त्याला जॅक लागतो. टूलकिटमध्ये जॅक येत नाही, कोटेशनमध्ये तोही लिहून मागा.

पन्नास तासांची पहिली सर्व्हिस डिसेंबरात झाली. पहिल्या पन्नास तासांत पूर्ण ताकदीनं ओढू नका असं सांगतात, आम्ही नव्या लागणीची हलकी कोळपणी आणि काकांच्या रानातली बाळभरणी एवढंच केलं. सर्व्हिसला मेस्त्री घरी येतो, तेल आणि फिल्टरचे पैसे आपले. जुनं तेल त्याच्यासमोर काढायला लावा, आणि मागच्या चाकांचे नट त्याच्याकडून आवळून घ्या. आमच्या डाव्या चाकाचे दोन सैल निघाले.